काप्रीला एक दिवस पुरेल का, आणि त्या बेटात एवढं आहे तरी काय?

प्रश्न असा आलाय की जूनमध्ये इटलीत, काप्रीसमोरच्या किनाऱ्यावरच्या सोरेंटोला तीन रात्री मुक्काम आहे, सोबत सत्तरीतले आईबाबा, बाबांचे गुडघे कुरकुरतात, तर त्यातला एक दिवस काप्रीला घालवावा का, ब्लू ग्रोटोचं (आतून निळ्याशार उजेडाची समुद्रातली गुहा) एवढं कौतुक कशासाठी, आणि महागडी दुकानं नि नटनट्या यापलीकडे तिथे बघण्यासारखं काही आहे का. मी बरीच वर्षं इटलीच्या ग्रुप टूर्स घेऊन जाते, त्याआधी जिऑलॉजी शिकलेय, त्यामुळे माझं उत्तर दगडापासून सुरू होणार, सांभाळून घ्या. घाईत असाल तर एवढंच वाचा: जा, जमलं तर एक रात्र तिथेच रहा, सगळा दिवस ब्लू ग्रोटोवर टांगून ठेवू नका, आणि अनाकाप्री, म्हणजे बेटावरचं वरचं गाव, अजिबात सोडू नका.

आता सविस्तर. काप्री म्हणजे जेमतेम १० चौरस किलोमीटरचं बेट आणि तेवढ्याशा जागेत माँटे सोलारोचं टोक ५८९ मीटर उंच, म्हणजे बोटीतून बघताना बेट दिसतच नाही, समुद्रातून उभा निघालेला कडाच दिसतो. नेपल्सच्या आखातातली बाकी दोन बेटं, इस्किया आणि प्रोचिदा, ज्वालामुखीची आहेत, वर समोर व्हेसुव्हियस उभा, म्हणून लोक काप्रीलाही ज्वालामुखीचंच बेट समजतात. ते तसं नाहीये. काप्री चुनखडीचं आहे, सोरेंटोच्या डोंगराचाच पुढचा तुकडा, मधल्या भागात समुद्र शिरला म्हणून वेगळा झालेला. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड लाव्हाचा, आणि हा पांढुरका दगड डायनोसॉरच्या काळात उथळ, उबदार समुद्राच्या तळाशी साचलेला चुना. शेजारच्या ज्वालामुखींची राख अधूनमधून वरून पडलीय तेवढीच.

चुनखडीचं असं असतं की पावसाचं पाणी तिच्यावर थांबतच नाही, भेगांतून खाली उतरतं आणि उतरताना दगड विरघळवत जातं. म्हणून गुहा होतात, कमानी होतात, कडे सुरीनं कापल्यासारखे सरळ तुटतात, आणि गाळ आणणारी नदीच नसल्यामुळे किनाऱ्यालगतचं पाणी काचेसारखं स्वच्छ राहतं. इन्स्टाग्रामवर तुम्हाला जे जे दिसतं ते सगळं यातून आलंय. आणि बेटावर प्यायला पाणी नाही हेसुद्धा यातूनच आलंय. एखाददुसरा बारका झरा सोडला तर तिथे नदी नाही, ओढा नाही, तळं नाही. लोक काप्रीचा इतिहास म्हणून कोण कोण बडी मंडळी येऊन राहिली त्यांची यादी सांगतात. मला विचाराल तर तिथे कोण राहिलं यापेक्षा त्यांनी पाण्याचं काय केलं हे बघत फिरलं की बेट जास्त कळतं.

रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस, त्याच्यापासून बघा. इ.स.पूर्व २९ मध्ये तो (तेव्हा अजून ऑक्टेव्हियनच, ऑगस्टस ही पदवी मागाहून मिळाली) पूर्वेकडची लढाई जिंकून परतताना काप्रीला उतरला, आणि स्वेटोनियस हा रोमन चरित्रकार सांगतो की एक वाळत चाललेलं ओकचं झाड त्याच्या पायगुणानं पुन्हा तरारलं. गडी खूश. बेट तेव्हा नेपल्सच्या मालकीचं, तर यानं ते मागून घेतलं आणि बदल्यात त्यांना अख्खं इस्किया दिलं. इस्किया काप्रीच्या चौपटीहून मोठं, तिथे सुपीक माती, गरम पाण्याचे झरे, सगळं काही. कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, हा सौदा तोट्यातलाच म्हणेल. पण ऑगस्टसला शेती करायची नव्हती, त्याला चारी बाजूंनी कडे असलेली, मोजक्याच ठिकाणी बोट लागू शकेल अशी खाजगी जागा हवी होती. ज्याच्याकडे पाणी साठवायला आणि धान्य वाहून आणायला माणसं आहेत त्यालाच काप्री परवडणार, हे तेव्हा ठरलं ते आजतागायत.

त्याच ऑगस्टसची अजून एक गंमत. त्याला पुतळे-चित्रांपेक्षा जुन्या अजस्र प्राण्यांची हाडं जमवायचा नाद होता, लोक त्यांना राक्षसांची हाडं म्हणायचे, आणि स्वेटोनियस लिहितो की असा संग्रह काप्रीत होता. ही थाप वाटायची. मग १९०५ च्या सुमाराला क्विसिसाना हॉटेलच्या वाढीव बांधकामासाठी खणताना खरोखरच हत्ती, गेंडा, पाणघोडा यांची जुनी हाडं निघाली आणि त्यांच्यासोबत आदिमानवाची दगडी हत्यारं. इन्याझियो चेरिओ नावाचे तिथले डॉक्टर निसर्गाचे अभ्यासक होते, त्यांनी ती जपली, आणि पियाझेटाला, म्हणजे काप्री गावातल्या मुख्य चौकाला, लागूनच त्यांच्या नावाचं छोटं म्युझियम आहे तिथे बघता येतात. एवढ्याशा खडकावर गेंडा काय करत होता? तर हिमयुगात समुद्राची पातळी खाली होती, काप्री सोरेंटोला जोडलेलं होतं, ही जनावरं चालत आलेली. माझ्या ग्रुपमधले दहातले नऊ जण या म्युझियमवरून पर्सच्या दुकानाकडे जातात, माझी काही तक्रार नाही, पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं.

टायबेरियस हा खरा काप्रीवाला. ऑगस्टसचा वारस, रोमचा सम्राट, सत्तरीला टेकलेला असताना इ.स. २७ मध्ये इथे आला आणि ३७ साली मरेपर्यंत परत रोममध्ये पाऊल टाकलं नाही. दहा वर्षं जगातलं सर्वात मोठं साम्राज्य या खडकावरून चाललं. टॅसिटस हा रोमन इतिहासकार म्हणतो त्याचे इथे बारा वाडे होते, त्यातला सर्वात मोठा व्हिला जोव्हिस पूर्वेच्या टोकाला ३३४ मीटरवर आहे, पियाझेटापासून पाऊण तासाची चढण. तिथे काय काय चाळे चालायचे याच्या कहाण्या गाइड लोक फार रंगवून सांगतात, 'टायबेरियसची उडी' नावाचा कडा दाखवतात, इथून नको असलेल्यांना खाली लोटायचे म्हणे. स्वेटोनियसमधला माझा आवडता किस्सा कोळ्याचा आहे. एक बिचारा कोळी कड्याच्या मागच्या बाजूनं चढून आला आणि म्हाताऱ्यासमोर अचानक मोठा मासा नजराणा म्हणून धरला, म्हातारा दचकला, इथवर कोणी येऊ शकतं या विचारानंच घाबरला, आणि त्याच माशानं कोळ्याचं तोंड खरवडायला लावलं. कोळी म्हणाला, नशीब माझं की मघाशी पकडलेला मोठा खेकडा नाही आणला. मग खेकडाही मागवला गेला.

आता हे सगळं लिहिणारे टॅसिटस आणि स्वेटोनियस दोघेही टायबेरियस मेल्यावर ऐंशीएक वर्षांनी लिहीत होते आणि दोघांचाही त्याच्यावर राग होता, त्यामुळे सगळंच खरं धरू नका. अवशेष मात्र खोटं बोलत नाहीत. व्हिला जोव्हिसमध्ये गेलात तर एक गोष्ट नीट बघा. राजवाड्याच्या मधोमध दरबार नाही की बाग नाही, तिथे पाण्याच्या टाक्या आहेत, प्रचंड मोठ्या, कमानींच्या छताच्या, आणि बाकी सगळ्या खोल्या, स्नानगृहं, नोकरांचे मजले त्यांच्याभोवती बांधलेत. छपरांवरचा पाऊस न् पाऊस या टाक्यांत उतरायचा. भिंतींना आतून विटांचा चुरा नि चुना कालवून केलेला गिलावा आहे, तो काही ठिकाणी अजून हाताला लागतो, गुळगुळीत आणि गुलाबीसर. आपल्याकडच्या गडांवर जशी कातळात खोदलेली टाकी असतात आणि टाकी आटली की गड पडतो, तसंच इथलं गणित होतं, फक्त राहणारा किल्लेदार नव्हता, अख्ख्या रोमचा मालक होता. शेजारी दीपस्तंभाचा बुंधा आहे, ज्वाळांनी नि धुरानं मुख्य भूमीशी निरोपांची देवाणघेवाण इथूनच होत असणार असं मानतात. टायबेरियस मरायच्या थोडे दिवस आधी भूकंपानं तो मनोरा पडला, हेही स्वेटोनियसनंच सांगितलंय. उत्खनन १९३० च्या दशकात अमेदेओ मायुरी यांनी केलं, त्याआधी कित्येक वर्षं लोक इथला संगमरवर उचलून नेत होते.

रोमन गेल्यावर पुढची हजारेक वर्षं काप्री म्हणजे गरीब कोळी, शेतकरी आणि चाच्यांची भीती. १५३५ मध्ये बार्बारोसा या ऑटोमन आरमाराच्या सेनापतीनं बेट लुटलं, अनाकाप्रीच्या वरच्या ज्या किल्ल्याची वाट लावली त्याला आज त्याचंच नाव आहे, हा एक इटालियन दिलदारपणा म्हणायचा. खाली कार्थुसियन साधूंचा मठ आहे, १३७१ साली सुरू झालेला. बेटावरच्या बऱ्याच जमिनी आणि हक्क या मठाकडे, त्यामुळे लोकांचा दात होताच. असं सांगतात की १६५६ च्या प्लेगमध्ये साधूंनी दरवाजे लावून घेतले तेव्हा चिडलेल्या गावकऱ्यांनी प्रेतं मठाच्या भिंतीवरून आत टाकली.

दोन गावं आहेत, खाली काप्री आणि वर अनाकाप्री, आणि दोघांचं एकमेकांशी फारसं पटत नाही, आजही नगरपालिका वेगळ्या आहेत. याचंही मूळ कड्यातच आहे. १८७० च्या दशकात गाडीरस्ता होईपर्यंत वर जायला एकच वाट होती, ९२१ पायऱ्यांची, तिला फिनिशियन जिना म्हणतात पण तिचा फिनिशियनांशी संबंध असल्याचं काही दिसत नाही, ग्रीकांनी खोदलेली असावी. या पायऱ्यांवरून बायका डोक्यावर ओझी वाहायच्या. पाणी, पाहुण्यांच्या ट्रंका, बांधकामाचा दगडसुद्धा. एकोणिसाव्या शतकातले युरोपियन पाहुणे त्यांच्या डौलदार चालीचं भरभरून वर्णन करतात, एकालाही हंडा उचलून बघावासा वाटलेला दिसत नाही.

नेपोलियनच्या काळातली एक गोष्ट पटकन सांगते, कारण तिच्यातला माणूस ओळखीचा निघेल. १८०६ ला इंग्रजांनी काप्री घेतलं, लहानसं जिब्राल्टर, म्हणजे समुद्रावर पहारा ठेवणारा किल्ला, करायचा बेत होता. १८०८ च्या ऑक्टोबरात फ्रेंच सैन्य सर्वात अवघड अशा पश्चिमेच्या बाजूनं शिड्या लावून चढलं आणि थोड्याच दिवसांत इंग्रजांना बेट सोडावं लागलं. हरलेला इंग्रज अधिकारी होता हडसन लो. हाच पुढे सेंट हेलेनावर नेपोलियनचा जेलर झाला. अनाकाप्रीच्या पश्चिम किनाऱ्यानं त्या काळच्या गढ्यांची पायवाट आहे, फार सुंदर आणि जवळजवळ रिकामी असते, पण गुडघेवाल्यांसाठी नाही.

मग ब्लू ग्रोटो. हिच्यामुळे काप्रीचं पर्यटन सुरू झालं म्हणतात आणि ते बऱ्यापैकी खरं आहे. १८२६ मध्ये ऑगस्ट कोपिश हा जर्मन कवी-चित्रकार आणि त्याचा चित्रकार मित्र अर्न्स्ट फ्रीस तिथल्या पगानोच्या खानावळीत उतरले होते, तिथे त्यांना गुहेबद्दल कळलं आणि आंजेलो फेरारो नावाच्या कोळ्याला सोबत घेऊन ते पोहत आत गेले. याला 'शोध' म्हणायचं हे युरोपियनांचं जुनं दुखणं. कोळ्यांना गुहा माहीत होतीच, ग्रादोला नावानं, पण आत भुतंखेतं आहेत म्हणून टाळायचे. आणि रोमनांना तर अठराशे वर्षं आधीपासून माहीत होती. १९६४ साली गुहेच्या तळातून रोमन पुतळे वर काढले, ट्रायटन आणि पोसायडन, समुद्राचे देव, म्हणजे राजवाड्यातल्या मंडळींचं हे जलमंदिर होतं. ते पुतळे अनाकाप्रीच्या कासा रोसा या म्युझियममध्ये ठेवलेत, पाण्यातल्या किड्यांनी संगमरवर इतका पोखरलाय की चेहरे ओळखू येत नाहीत आणि माझ्या दृष्टीनं म्हणूनच ते बघण्यासारखे आहेत.

निळं का दिसतं हे प्रत्येक टूरवर कोणीतरी विचारतंच. बोट जाते ते तोंड जेमतेम मीटरभर उंचीचं, त्यातून फारसा उजेड येतच नाही. पण त्याच्या खाली, पाण्याखाली, बरंच मोठं दुसरं भोक आहे. सूर्यप्रकाश त्यातून येतो, म्हणजे पाण्यातूनच आत येतो, आणि पाणी लाल-पिवळा प्रकाश शोषून घेतं, निळा तेवढा उरतो, तो खालच्या पांढऱ्या वाळूवरून उसळून वर येतो. म्हणजे वरून अंधार आणि खालून उजेड असा प्रकार, दिवा पाण्यात लावल्यासारखं वाटतं. हात बुडवला तर कातडीवरच्या बारीक बुडबुड्यांमुळे तो चंदेरी दिसतो. जमिनीची पातळी रोमन काळापासून इथे खाली गेलीय, म्हणून हे तोंड आज इतकं बुटकं आहे.

आता प्रॅक्टिकल. मोटारबोटीनं किंवा अनाकाप्रीहून बसनं गुहेपर्यंत जायचं, तिथे लहान वल्हवायच्या होडीत बसायचं, एका होडीत तीनचार माणसं, आणि तोंडाशी आल्यावर सगळ्यांनी होडीच्या तळाशी सपाट आडवं व्हायचं. नावाडी लाट ओसरायची वाट बघतो, भिंतीला ठोकलेली साखळी पकडतो आणि एका हिसक्यात होडी आत ओढतो. आत पाचेक मिनिटं, नावाडी गाणं म्हणतो, टिपेची अपेक्षा असते, बाहेर. या पाच मिनिटांसाठी जूनमध्ये उन्हात हलत्या बोटीवर दीड-दोन तास थांबायची वेळ येऊ शकते आणि बोटीचं नि गुहेचं तिकीट वेगवेगळं. समुद्र जरासा जरी खवळला तरी गुहा बंद, मग सकाळपासूनचा प्लॅन कोसळतो. बाबांच्या गुडघ्यांचा विचार करता मोटारबोटीतून हलत्या होडीत उतरणं आणि तळाशी बसणं-उठणं हाच खरा प्रॉब्लेम आहे, आतमध्ये काहीच त्रास नाही. जायचंच असेल तर बसनं जा, तिथे पायऱ्या उतरून काठावरूनच होडीत बसता येतं, बोटीत मळमळायचा प्रश्न येत नाही, आणि दुपारी बारा ते दोनच्या सुमाराला उजेडही सर्वात चांगला असतो. नाही जमलं तर हळहळू नका, बेटाला बोटीनं फेरी मारली की पांढरी, हिरवी अशा उघड्या गुहा बसल्या जागेवरून दिसतात.

गुहेच्या बातमीनं जर्मन आले, मग बाकीचे. क्विसिसाना, जे आज बेटावरचं सर्वात बडं हॉटेल आहे, ते १८४५ मध्ये एका स्कॉटिश डॉक्टरनं आजाऱ्यांसाठी सुरू केलं होतं. तेव्हा लोक हिवाळ्यात यायचे हे लक्षात घ्या, छातीचे विकार, थंडी, कोवळं ऊन. उन्हाळ्यात काप्री ही फॅशन खूप नंतरची. पोलादसम्राट फ्रिडरिश आल्फ्रेड क्रुप असाच हिवाळे घालवायला यायचा, समुद्री जीवांचा अभ्यास करायचा, आणि त्यानं १९०० ते १९०२ मध्ये कड्यातून खाली मरीना पिकोला या लहान बंदरापर्यंत वळणावळणाची वाट बांधून घेतली. वरून बघितली तर नागमोडी वळणं एकमेकांवर चढलेली दिसतात, रस्ता बांधण्यातली कमाल आहे. १९०२ मध्येच त्याच्या खाजगी आयुष्यावरून वृत्तपत्रांत बोंब उठली आणि त्याच वर्षी तो गेला. चुनखडी आपला स्वभाव सोडत नाही, दगड कोसळतात म्हणून ही वाट वर्षानुवर्षं बंद होती, म्हणून तिच्यावर प्लॅन न ठरवता ऑगस्टसच्या बागेतून वरून बघा. त्याच बागेच्या बाजूला लेनिनचं स्मारक आहे. हो, लेनिन. रशिया सोडून आलेला लेखक माक्सिम गॉर्की १९०६ ते १९१३ इथे राहिला, त्याच्याकडे लेनिन १९०८ आणि १९१० मध्ये पाहुणा म्हणून आला, बुद्धिबळ खेळतानाचा त्याचा फोटोही आहे. महागड्या घड्याळांच्या दुकानांपासून पाच मिनिटांवर क्रांतीची शाळा भरत होती.

मला या परदेशी मंडळींत आक्सेल मुंथे हा स्वीडिश डॉक्टर जास्त इंटरेस्टिंग वाटतो. अनाकाप्रीच्या कड्यावर, रोमन अवशेषांवर त्यानं व्हिला सान मिकेले बांधला, तो आज स्वीडनच्या ताब्यात आहे आणि लोकांना बघायला खुला आहे. कठड्यावर दगडी स्फिंक्स समुद्राकडे तोंड करून बसलीय, तिथून अख्खं आखात दिसतं. पण गोष्ट पक्ष्यांची आहे. आफ्रिकेतून युरोपात जाणारे पक्षी वसंतात समुद्र ओलांडून दमून दिसेल त्या जमिनीवर उतरतात आणि त्यांच्या वाटेवरची अशी एक जमीन म्हणजे काप्री. लावे तर थव्यानं. शतकानुशतकं इथले लोक जाळी लावून त्यांना धरायचे, निर्यात करायचे, चर्चलाही त्याचा वाटा जायचा, एवढा की काप्रीच्या बिशपला लाव्यांचा बिशप म्हणून चिडवायचे. थव्यांना खाली बोलवायला जे पिंजऱ्यातले पक्षी ठेवायचे त्यांचे डोळे तापलेल्या सुईनं फोडायचे, असं मुंथेनं लिहून ठेवलंय. त्यानं बरीच खटपट केली, कोणी ऐकेना, तेव्हा जाळी लावायचा बार्बारोसाचा डोंगरच विकत घेतला आणि बंदी घातली. आज तिथे पक्ष्यांच्या पायात कडी घालून अभ्यास करणारं केंद्र चालतं. रिसॉर्टच्या इतिहासात पैशाचा असा उपयोग क्वचित दिसतो.

निसर्गाचं म्हणाल तर फाराल्योनी हे तीन सुळके सगळ्यांना माहीत असतात, सर्वात उंच १०९ मीटर, मधल्याला कमान आहे, बोट तिच्यातून जाते आणि सगळी जोडपी फोटो काढतात. बघण्यासारखं सर्वात बाहेरच्या सुळक्यावर आहे आणि ते तुम्हाला दिसणार नाही: निळी पाल. म्हणजे सरडाच, इटलीत सगळीकडे आढळणाऱ्या हिरवट-तपकिरी जातीचा, पण या एका सुळक्यावर अडकून राहिलेला आणि पिढ्यानपिढ्या निळा होत गेलेला. १८७२ मध्ये त्याची नोंद झाली. किनाऱ्यावर मात्र जूनमध्ये एक गंमत दिसेल. कड्यांवर निवडुंगाच्या नात्यातलं वाटेल असं एक झुडूप असतं (निवडुंग नाही, आपल्या शेर-थोराच्या कुळातलं), ते उलट्या कॅलेंडरवर जगतं. पावसाळी हिवाळ्यात हिरवंगार, आणि उन्हाळा लागला की पानं लालबुंद होऊन गळतात. पाणी नसताना पानं कशाला सांभाळायची, एवढं साधं.

गावातल्या जुन्या घरांची छपरंही याच हिशेबानं बांधलेली. उतरती कौलं नाहीत, पांढरी घुमटासारखी फुगीर छपरं. ज्वालामुखीचा हलका खडा आणि चुना कालवून गच्चीवर पसरायचा आणि बायका-पुरुष ओळीनं बसून लाकडी मोगऱ्यांनी दिवसच्या दिवस ठोकायचे, थेंबही झिरपणार नाही इतका घट्ट होईपर्यंत, मग पाऊस वळणावरून पन्हळीत आणि पन्हळीतून अंगणाखालच्या टाकीत. टायबेरियसचीच आयडिया, फक्त लहान साइजमध्ये. नंतर जहाजांनी पाणी यायला लागलं आणि मग समुद्राखालून पाइपलाइन आली, तेव्हा टाक्या विस्मरणात गेल्या. जून २०२४ मध्ये मुख्य भूमीवर पाइपलाइनमध्ये बिघाड झाला आणि २२ तारखेला शनिवारी महापौरांनी पर्यटकांना बेटावर उतरायलाच बंदी केली. निघालेल्या बोटी परत फिरवल्या, रहिवाशांना टँकरवर रांगा लावाव्या लागल्या, दुपारी पाणी सुरू झाल्यावर बंदी उठली. चौदाएक हजार वस्तीचं बेट, त्यावर सीझनला रोज हजारोंनी लोक उतरतात आणि सगळं एका नळावर. विजेचंही तेच होतं, २०१७ मध्ये समुद्राखालून केबल येईपर्यंत बेट डिझेलच्या जनरेटरवर चालायचं. प्लॅस्टिकच्या एकदा वापरायच्या वस्तूंवर २०१९ पासून बंदी आहे, दंड ५०० युरोपर्यंत, त्यामुळे स्टीलची बाटली घ्या.

तुमच्या दिवसाचं म्हणाल तर सोरेंटोहून बोटीला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. सकाळची पहिली किंवा दुसरी बोट धराच, दहानंतर नेपल्सकडच्या बोटी लागतात आणि मरीना ग्रांदे या मुख्य बंदरावर फनिक्युलरची रांग बाहेरपर्यंत येते. ही दोरीची रेल्वे १९०७ पासून चालू आहे, पाच मिनिटांत पियाझेटाला सोडते. पण माझा सल्ला, आधी पियाझेटाला जाऊच नका, बंदरावरूनच टॅक्सी करून थेट अनाकाप्री गाठा. टॅक्सी महाग आहे, बाबांसोबत आहात तर तिथे कंजूषपणा नको, बस एवढ्या छोट्या आणि भरलेल्या असतात की उभ्यानं वळणं झेलावी लागतात. अनाकाप्रीतून माँटे सोलारोला चेअरलिफ्ट आहे, एकेकट्यानं बसायची, बारा-तेरा मिनिटं, पाय खाली लोंबत द्राक्षाच्या नि भाजीच्या वाफ्यांवरून जातात. चढता-उतरताना खुर्ची थांबत नाही, पण दोन्ही बाजूंना माणूस हात द्यायला असतो, माझ्याबरोबरचे बरेच ज्येष्ठ नागरिक मजेत जाऊन आलेत. मग सान मिकेलेचं चर्च बघा (मुंथेचं घर वेगळं, नाव तेच). सगळी जमीनच एक चित्र आहे, १७६१ ची रंगीत टाइल्सची, आदम-हव्वा बागेतून हाकलले जातायत आणि भोवती हत्ती, उंट, मगर, सगळे प्राणी. कारागिरानं त्यातले कित्येक कधी पाहिले नसणार हे चेहऱ्यांवरून कळतं. टाइल्सवर पाय पडू नये म्हणून कडेनं लाकडी फळ्यांवरून चालायचं, आणि वरच्या गॅलरीत गोल जिन्यानं जायचं, बाबांना खालूनही छान दिसेल.

दुपारनंतर खाली काप्रीत उतरा, ऑगस्टसची बाग, थोडं विंडो शॉपिंग. पियाझेटावर कॉफी प्यायला बसलात तर बिल बघून दचकू नका, टेबलाचं भाडं धरलेलं असतं, उभ्यानं काउंटरला प्या. जेवणाचं शाकाहारी मंडळींना सोपं आहे: काप्रीची राव्हिओली चीज आणि मारवा घालून करतात, आत मांस नसतं, टोमॅटो-मोझरेला-बेझिलचं सॅलड इथलंच, आणि बदाम-चॉकलेटचा काप्रीचा केक मैद्याशिवाय होतो पण त्यात अंडी भरपूर असतात, आई अंडं खात नसतील तर आधी सांगा. पाच वाजता परतीच्या बोटींची झुंबड असते, म्हणून एक रात्र रहा म्हणते, सोरेंटोच्या तीनपैकी एक रात्र इकडे वळवा, मोठ्या बॅगा तिकडच्या हॉटेलात ठेवून द्या कारण फनिक्युलरमध्ये त्यांचं जमत नाही. राहायला अनाकाप्री काप्रीपेक्षा बरंच स्वस्त आणि शांत. आणि परतीची बोट विमानाच्या दिवशीच ठेवू नका, वारा सुटला की हायड्रोफॉइल, म्हणजे वेगवान बोटी, रद्द होतात, जूनमध्ये क्वचित, पण होतात.